अपग्रेडनंतर लिनक्सचा आवाज जातो तेव्हा: बिघाड कोणत्या थरात आहे हे शोधण्याची पद्धत

लिनक्सची आवृत्ती बदलल्यानंतर सर्वाधिक वेळा ऐकू येणारी तक्रार आवाजाची असते. कधी आवाज पूर्णपणे बंद पडतो, कधी सेटिंग्जमध्ये साउंड कार्डाच्या जागी ‘डमी आउटपुट’ एवढेच दिसते, कधी स्पीकर चालतो पण मायक्रोफोन नाहीसा होतो, तर कधी सर्व काही चालूनही आवाज फाटतो. त्याच वेळी एखादे जुने सॉफ्टवेअर उघडेनासे होते आणि हे दोन वेगळे बिघाड आहेत असे वाटते; प्रत्यक्षात पुष्कळदा त्यांचे मूळ एकाच अर्धवट राहिलेल्या अपग्रेडमध्ये असते. त्रासदायक भाग असा की एकदा दुरुस्त केलेली अडचण पुढच्या कर्नलबरोबर (म्हणजे हार्डवेअर हाताळणाऱ्या प्रणालीच्या गाभ्याबरोबर) किंवा पुढच्या आवृत्तीबरोबर जशीच्या तशी परत येते. त्यामागेही कारण असते, आणि ते बहुधा मागच्या दुरुस्तीतच दडलेले असते.

या लेखात आज्ञांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टंकित करावीत. आज्ञेआधीचा ‘सुडो’ ती प्रशासकाच्या अधिकाराने चालवतो.

आवाजाचे चार थर

लिनक्समध्ये आवाज एका प्रोग्रॅमकडून थेट स्पीकरपर्यंत जात नाही. सर्वांत खाली साउंड कार्डाचे फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये चालणारे सॉफ्टवेअर, असते; त्यावर कर्नलमधील ड्रायव्हर, म्हणजे आल्सा ही यंत्रणा, जी 2003 साली आलेल्या 2.6 या कर्नलपासून लिनक्सचा अधिकृत भाग आहे. त्यावर साउंड सर्व्हर असतो, जो अनेक प्रोग्रॅमांचे आवाज एकत्र मिसळतो आणि कोणता आवाज कोणत्या उपकरणाकडे पाठवायचा हे ठरवतो. सर्वांत वर ब्राउझर, प्लेअर, मीटिंगचे ॲप यांसारखे प्रोग्रॅम असतात.

अपग्रेडनंतर होणाऱ्या गोंधळाचा मोठा वाटा तिसऱ्या थराचा आहे, कारण गेल्या काही वर्षांत तो थरच बदलला गेला. लिनक्सच्या वितरणांपैकी फेडोराने 2007 सालच्या आठव्या आवृत्तीत आणि उबुंटूने 2008 च्या 8.04 मध्ये पल्स-ऑडिओ हा साउंड सर्व्हर आणला. त्यानंतर पाइपवायर आला: फेडोराने एप्रिल 2021 च्या 34 व्या आवृत्तीत, उबुंटूने ऑक्टोबर 2022 च्या 22.10 मध्ये आणि लिनक्स मिंटने 2024 च्या 22 व्या आवृत्तीत त्याला मूळ साउंड सर्व्हरचे स्थान दिले. डेबियननेही 2023 च्या बाराव्या आवृत्तीत ग्नोम डेस्कटॉपसाठी तोच निवडला. त्यामुळे उबुंटू 22.04 वरून 24.04 वर जाणारा वापरकर्ता केवळ आवृत्ती बदलत नसतो, तर त्याच्या नकळत साउंड सर्व्हरही बदलत असतो. आवाजाच्या दुरुस्तीसाठी शोधून काढलेला कोणताही उपाय कोणत्या सर्व्हरसाठी लिहिलेला आहे हे पाहिल्याशिवाय तो वापरू नये, हा माझा पहिला आणि ठाम आग्रह आहे. पल्स-ऑडिओच्या काळातील सल्ला पाइपवायरवर चालवल्याने जेवढे संगणक बिघडले आहेत, तेवढे मूळ अपग्रेडमुळे बिघडले नसावेत.

आधी अपग्रेड पूर्ण झाले आहे का ते पाहावे

साउंड कार्डाकडे वळण्यापूर्वी पॅकेजांची, म्हणजे बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या संचांची, स्थिती तपासावी. अपग्रेड चालू असताना वीज गेली, जाळे तुटले, किंवा बूटच्या विभागात जागा संपली, तर काही पॅकेजे उतरलेली पण मांडणी (कॉन्फिगरेशन) न झालेली अशी राहतात. डेबियन व उबुंटू कुळात ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि त्यानंतर ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ या दोन आज्ञा अशी अर्धवट कामे पूर्ण करतात. दोन्ही आज्ञा काही न करता परत आल्या, तर हा भाग ठीक आहे असे समजावे. ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’ या आज्ञेने रोखून धरलेली पॅकेजे दिसतात. मागे कधी तरी एखाद्या कारणासाठी रोखलेले एखादे पॅकेज इतरांना मागे खेचत असल्याचे अनेकदा येथेच कळते. फेडोरात ‘सुडो डीएनएफ डिस्ट्रो-सिंक’ ही आज्ञा पॅकेजांना वितरणाच्या भांडारातील (रिपॉझिटरीतील) आवृत्तीशी जुळवून घेते. आर्चमध्ये संपूर्ण प्रणाली न बदलता एखादेच पॅकेज नवे घेणे, म्हणजे अर्धे अपग्रेड, मान्यच नाही; तसे केले असल्यास पूर्ण अपग्रेड करूनच पुढे जावे.

त्यानंतर ‘यूनेम -आर’ या आज्ञेने सध्या चालू असलेला कर्नल पाहावा आणि ‘लिब’ निर्देशिकेतील ‘मॉड्यूल्स’ या उपनिर्देशिकेत त्याच नावाची निर्देशिका आहे का ते तपासावे. आर्चवर कर्नल बदलल्यानंतर संगणक पुन्हा सुरू केला नाही, तर चालू कर्नलची मॉड्यूले, म्हणजे गरजेनुसार जोडले जाणारे ड्रायव्हरचे भाग, डिस्कवरून निघून गेलेली असतात आणि नंतर जोडलेले यूएसबी हेडफोन ओळखलेच जात नाहीत. यावर उपाय एवढाच की संगणक पुन्हा सुरू करावा. उबुंटूच्या अनेक आवृत्त्यांत साउंड कार्डांचे ड्रायव्हर ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ या वेगळ्या पॅकेजात असतात. कर्नल हाताने बसवला असेल किंवा अपग्रेड मध्येच थांबले असेल, तर कर्नल नवा आणि हे पॅकेज गैरहजर अशी स्थिती होते. तेव्हा वाय-फायही बंद पडलेले दिसू शकते, आणि दोन्ही एकाच वेळी गेले असतील तर संशय थेट या पॅकेजावर घ्यावा.

काय काय बदलले याची नोंद प्रणालीकडे असते. ‘व्हार’ मधील ‘लॉग’ या निर्देशिकेत ‘एपीटी’ उपनिर्देशिकेत ‘हिस्टरी.लॉग’ ही फाइल आहे. उबुंटूच्या आवृत्तीबदलाची स्वतंत्र नोंद ‘लॉग’ मधल्याच ‘डिस्ट-अपग्रेड’ या उपनिर्देशिकेत मिळते. फेडोरात ‘डीएनएफ हिस्टरी’ ही आज्ञा आहे. आवाजाशी संबंधित कोणती पॅकेजे काढली गेली हे येथे स्पष्ट दिसते, आणि काही वेळा शोध येथेच संपतो.

बिघाड वरचा की खालचा

शोधाची दिशा ठरवण्यासाठी दोन चाचण्या पुरेशा आहेत आणि दोन्हींत काहीही बदलावे लागत नाही. पहिली चाचणी अशी की संगणक सुरू होताना ग्रबच्या, म्हणजे कर्नल निवडून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, यादीतील प्रगत पर्यायांत जाऊन मागचा कर्नल निवडावा. जुन्या कर्नलवर आवाज आला, तर दोष नव्या कर्नलमध्ये, त्याच्या मॉड्यूलांत किंवा फर्मवेअरशी असलेल्या त्याच्या मेळात आहे, आणि साउंड सर्व्हरची मांडणी उलटीपालटी करण्याचे कारण उरत नाही. जुन्या कर्नलवरही शांतताच असेल, तर त्याच वितरणाच्या त्याच आवृत्तीचा लाइव्ह यूएसबी (डिस्कवर काही न बसवता थेट चालणारी प्रत) लावून पाहावा. तेथे आवाज आला, तर हार्डवेअर व कर्नल निर्दोष आहेत आणि बिघाड आपल्या स्थापनेतील जुन्या मांडणीत आहे. लाइव्ह यूएसबीवरही आवाज नसेल, तर घरच्या निर्देशिकेतील फाइली पुसत बसण्यात काहीच अर्थ नाही. ज्या संगणकावर विंडोजही आहे, तेथे एक गोष्ट आधी करून पाहावी: विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद करून संगणक पूर्णपणे बंद करावा, कारण त्या सोयीमुळे साउंड चिप अर्धवट अवस्थेत राहून लिनक्सला नीट हाताळता येत नाही असे प्रसंग घडतात.

खालचा थर: फर्मवेअर आणि ड्रायव्हर

‘एप्ले -एल’ ही आज्ञा कर्नलला माहीत असलेली साउंड कार्डे दाखवते. येथे यादी रिकामी असेल, किंवा फक्त ग्राफिक्स कार्डाचे एचडीएमआय आउटपुट दिसत असेल, तर साउंड सर्व्हरचा दोष नाही. ‘सुडो डीमेसेज’ च्या नोंदींत ‘एसएनडी’, ‘एसओएफ’ व ‘फर्मवेअर’ हे शब्द शोधावेत.

गेल्या काही वर्षांतील इंटेल लॅपटॉपमध्ये, विशेषतः ज्यांत डिजिटल मायक्रोफोन प्रोसेसरच्या ध्वनिविभागाला जोडलेले असतात, साउंड ओपन फर्मवेअर म्हणजे एसओएफ लागते. फर्मवेअरची फाइल उघडता आली नाही आणि त्रुटीचा आकडा उणे 2 आहे अशी ओळ नोंदींत दिसली, तर त्याचा अर्थ फाइल डिस्कवर नाही एवढाच असतो. डेबियनमध्ये ते पॅकेज ‘फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड’, फेडोरात ‘आल्सा-एसओएफ-फर्मवेअर’ आणि आर्चमध्ये ‘एसओएफ-फर्मवेअर’ या नावाने मिळते. डेबियन अकरावरून बारावर आलेल्यांनी एक जागा आवर्जून पाहावी. बाराव्या आवृत्तीत मुक्त नसलेल्या फर्मवेअरसाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा नवा विभाग केला गेला. भांडारांच्या यादीत फक्त ‘नॉन-फ्री’ लिहिलेले राहिले, तर अपग्रेड एकही तक्रार न करता पूर्ण होते, पण फर्मवेअर मात्र जुनेच राहते आणि नवा कर्नल नवी फाइल मागतो. यादीत तो शब्द घालून ‘एपीटी अपडेट’ व त्यानंतर पुन्हा अपग्रेड केल्यावर हा प्रश्न सुटतो.

दुसरी जागा ‘ईटीसी’ निर्देशिकेतील ‘मॉडप्रोब.डी’ ही आहे, जेथे मॉड्यूलांचे पर्याय लिहिले जातात. वारंवार परतणाऱ्या बिघाडांचे खरे घर येथे असते. मागे कधी आवाज सुरू करण्यासाठी घातलेल्या ओळी येथे वर्षानुवर्षे राहतात: एखादे मॉड्यूल बंदीच्या यादीत टाकलेले असते, ‘एसएनडी-एचडीए-इंटेल’ ला ‘मॉडेल’ हा पर्याय दिलेला असतो, किंवा डिजिटल मायक्रोफोन न शोधण्यासाठी ‘डीमिक-डिटेक्ट’ शून्य केलेला असतो. हा शेवटचा पर्याय आता जुना ठरला आहे आणि त्याऐवजी ‘एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी’ या मॉड्यूलचा ‘डीएसपी-ड्रायव्हर’ हा पर्याय वापरावा असा इशारा कर्नल स्वतःच नोंदींत देतो. त्या पर्यायाला 1 दिले की जुना एचडीए ड्रायव्हर सक्तीने वापरला जातो आणि 3 दिले की एसओएफ. सक्तीने 1 दिलेल्या लॅपटॉपवर स्पीकर वाजतो, पण आतला डिजिटल मायक्रोफोन दिसत नाही. ‘स्पीकर ठीक, मायक्रोफोन गायब’ या तक्रारीत म्हणूनच ही फाइल सर्वांत आधी उघडावी. ज्या कर्नलमधील उणिवेसाठी ती ओळ घातली होती ती उणीव केव्हाच दूर झालेली असते आणि ओळ मात्र मागे राहून नव्या ड्रायव्हरची वाट अडवते. अशा फाइली पुसण्याऐवजी त्यांचे नाव बदलून, शेवटचे ‘.कॉन्फ’ काढून, संगणक पुन्हा सुरू करावा. डेबियन व उबुंटूत त्याआधी ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू’ चालवणे इष्ट.

कार्ड दिसते पण आवाज नाही, अशा वेळी ‘आल्सामिक्सर’ उघडावा. एफ6 ने खरे कार्ड निवडावे, कारण आरंभी तेथे साउंड सर्व्हरचा एकच पट्टा दिसतो आणि त्यावरून काहीच कळत नाही. ज्या पट्ट्याखाली ‘एमएम’ असे दिसते तो बंद आहे. ‘एम’ दाबून तो सुरू होतो. हेडफोन काढल्यावरही स्पीकर मूक राहत असेल, तर ‘ऑटो-म्यूट मोड’ बंद करून पाहावा. नंतर ‘सुडो आल्सासीटीएल स्टोअर’ ही आज्ञा ही पातळी जतन करते.

कर्नलच्या बाहेरून बांधल्या जाणाऱ्या मॉड्यूलांबद्दल थोडक्यात: डीकेएमएस प्रत्येक नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधते, पण त्यासाठी त्याच कर्नलची हेडर पॅकेजे लागतात, आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) सुरू असेल तर मॉड्यूलवर नोंदवलेल्या किल्लीची सही लागते. ‘डीकेएमएस स्टेटस’ मध्ये चालू कर्नलच्या पुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसत नसेल, तर कारण या दोहोंपैकी एक असण्याची शक्यता मोठी.

मधला थर: साउंड सर्व्हर

‘एप्ले -एल’ मध्ये कार्ड आहे, आल्सामिक्सरमध्ये काही बंद नाही, आणि तरीही डेस्कटॉप ‘डमी आउटपुट’ दाखवतो, तर बिघाड या थरात आहे. ‘पीएसीटीएल इन्फो’ या आज्ञेने सर्व्हरचे नाव पाहावे. ‘पल्स-ऑडिओ (ऑन पाइपवायर)’ असे काही दिसले, तर पाइपवायर चालू आहे आणि तो जुन्या प्रोग्रॅमांशी पल्स-ऑडिओच्या भाषेत बोलत आहे. नुसते ‘पल्स-ऑडिओ’ दिसले, तर जुनाच सर्व्हर जागेवर आहे. जोडणी नाकारली गेली, तर दोन्हींपैकी कोणीच उभा नाही.

पाइपवायरच्या बाजूने तीन सेवा लागतात: पाइपवायर, पाइपवायर-पल्स आणि वायरप्लंबर. त्या वापरकर्त्याच्या सत्रात चालतात, म्हणून ‘सिस्टिमसीटीएल --यूझर स्टेटस’ अशीच त्यांची चौकशी करावी. या आज्ञेच्या आधी ‘सुडो’ लावला की ती वेगळ्याच वापरकर्त्याच्या सत्रात शोध घेते आणि जोडणी होत नाही किंवा सेवा नाही असे सांगते. ही गफलत इतकी सार्वत्रिक आहे की निम्मी ‘सेवा सापडत नाही’ ही तक्रार तेथेच मिटावी. एखाद्या सेवेपुढे ‘मास्क्ड’ दिसले, तर ती मागच्या कोणत्या तरी उपायात कायमची बंद केलेली आहे. ‘अनमास्क’ करून, तिन्ही सेवा ‘रीस्टार्ट’ कराव्यात. पल्स-ऑडिओ आणि पाइपवायर-पल्स दोन्ही सुरू असतील, तर कार्डावर ताबा कोणाचा हे प्रत्येक वेळी वेगळे ठरते आणि आवाज एका दिवशी येतो व दुसऱ्या दिवशी येत नाही. अशा वेळी पल्स-ऑडिओची सेवा व तिचे सॉकेट दोन्ही बंद करावीत. पॅकेज काढून टाकायचे झाल्यास एपीटी जी काढायची यादी दाखवते ती शेवटपर्यंत वाचावी. तीत डेस्कटॉपचे पॅकेज दिसल्यास होकार देऊ नये.

उपकरणांची निवड वायरप्लंबर करतो. ‘डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस’ मध्ये उपकरणे, आउटपुट आणि इनपुट यांची यादी येते आणि सध्याच्या निवडीपुढे तारांकन असते. अपग्रेडनंतर तारांकन मॉनिटरच्या एचडीएमआय आउटपुटकडे सरकलेले असणे हा नेहमीचा प्रकार आहे. ‘डब्ल्यूपीसीटीएल सेट-डीफॉल्ट’ आणि पुढे यादीतील क्रमांक दिल्यास ते जागेवर येते. ‘पाव्हूकंट्रोल’ या खिडकीच्या कॉन्फिगरेशन भागात कार्डाचा प्रोफाइल ‘ऑफ’ झालेला नाही ना, हेही पाहावे.

वायरप्लंबरच्या 2024 साली आलेल्या 0.5 या आवृत्तीत मांडणीच्या फाइलींची भाषाच बदलली. त्याआधी त्या ल्युआ भाषेत लिहिल्या जात आणि ‘मेन.ल्युआ.डी’ सारख्या निर्देशिकांत ठेवल्या जात. आता त्या ‘वायरप्लंबर.कॉन्फ.डी’ मध्ये वेगळ्या, जेसनसारख्या रूपात असाव्या लागतात. जुन्या फाइली वाचल्याच जात नाहीत. डेबियन बारावरून तेरावर जाताना नेमका हाच टप्पा ओलांडला जातो. मागच्या आवृत्तीत कष्टाने बंद केलेला एचडीएमआय पुन्हा डोके वर काढतो किंवा ठरवून दिलेली उपकरणाची नावे मूळपदावर जातात, ती यामुळे. येथे नव्या प्रणालीत काही बिघडलेले नसते. नियम नव्या पद्धतीने पुन्हा लिहावे लागतात, आणि त्याला दुसरा मार्ग नाही.

याच्या उलट, कधी जुनी आठवणच नको असते. वायरप्लंबर निवडलेली उपकरणे, प्रोफाइल व पातळ्या घरच्या निर्देशिकेतील ‘.लोकल/स्टेट/वायरप्लंबर’ येथे लिहून ठेवतो. सेवा थांबवून या निर्देशिकेचे नाव बदलावे आणि सेवा पुन्हा सुरू कराव्यात. ती नव्याने तयार होते. नवा वापरकर्ता तयार करून त्याच्या खात्यात आवाज येतो का ते पाहणे ही याच शंकेची आणखी सोपी परीक्षा आहे. घरच्या निर्देशिकेतील ‘.असाउंडआरसी’ आणि ‘ईटीसी’ मधील ‘असाउंड.कॉन्फ’ याही फाइली तपासाव्यात, कारण त्यांत कार्डाचा क्रमांक लिहून ठेवलेला असतो आणि नव्या कर्नलमध्ये कार्डांचा क्रम बदलून शून्य क्रमांक एचडीएमआयकडे गेलेला असू शकतो. क्रमांकाऐवजी कार्डाचे नाव लिहिले की हा घोळ पुन्हा होत नाही.

‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ अशी त्रुटी आली, तर कार्ड कोणी तरी अडवले आहे. ‘सुडो फ्यूझर -व्ही’ ही आज्ञा ‘डेव्ह’ मधील ‘एसएनडी’ च्या सर्व फाइलींवर चालवल्यास त्याचे नाव कळते. पाइपवायर दिसणे स्वाभाविक आहे. पण मिडी वाजवणारी टिमिडिटीची पार्श्वसेवा तेथे दिसली, तर तीच दोषी समजावी. वापरकर्त्याला ‘ऑडिओ’ गटात टाकण्याचा सल्ला अजूनही फिरतो. सिस्टिमडी वापरणाऱ्या आजच्या प्रणालींत साउंड कार्डाची परवानगी सत्रानुसार आपोआप मिळते, त्यामुळे त्याची गरज नसते. उलट एकाच संगणकावर अनेक जण खाते बदलून काम करत असतील, तर त्यातून नवीच अडचण उभी राहते.

ब्लूटूथ हेडफोन जोडले जातात पण आउटपुटच्या यादीत येत नाहीत, याचे डेबियन कुळातील कारण बहुधा ‘लिबएसपीए-0.2-ब्लूटूथ’ हे पॅकेज नसणे हे असते. पल्स-ऑडिओसाठी वेगळे पॅकेज होते आणि सर्व्हर बदलला की ते निरुपयोगी ठरते. मीटिंग सुरू होताच संगीताचा दर्जा घसरतो, हा मात्र बिघाड नव्हे: मायक्रोफोन वापरण्यासाठी हेडफोन हेडसेटच्या प्रोफाइलवर जातात आणि तेथे आवाजाचा नमुनादर 8 किंवा 16 किलोहर्ट्झवर येतो. संगणकाचा स्वतःचा मायक्रोफोन निवडल्यास हेडफोन संगीताच्याच प्रोफाइलवर राहू शकतात.

आवाज येतो, पण फाटतो

पाइपवायर सामान्यतः 48,000 हर्ट्झवर आणि 1,024 नमुन्यांच्या गटाने काम करतो, म्हणजे एका गटाचा कालावधी सुमारे 21 मिलिसेकंद होतो. एखादा प्रोग्रॅम याहून लहान गट मागतो, प्रोसेसरला तो वेळेत भरता येत नाही आणि आवाज तडतडतो. ‘पीडब्ल्यू-टॉप’ चालवून त्रुटींचा रकाना पाहावा. आवाज फाटतो त्या क्षणी तो आकडा वाढत असेल, तर निदान झाले. ‘पीडब्ल्यू-मेटाडेटा’ या आज्ञेने ‘क्लॉक.फोर्स-क्वांटम’ तात्पुरता 2,048 करून पाहता येतो, आणि 0 दिल्यास तो मूळ स्थितीत येतो. फरक पडला तरच मांडणीच्या फाइलीत कायमचा बदल करावा. आभासी यंत्रांत ही तक्रार अधिक आढळते.

आवाज सुरू होताना ‘टक्’ असा ध्वनी येणे किंवा पहिला शब्द खाल्ला जाणे हे वीजबचतीचे लक्षण आहे. ‘एसएनडी-एचडीए-इंटेल’ मॉड्यूलचा ‘पॉवर-सेव्ह’ हा पर्याय शून्य केल्यास चिप झोपत नाही. टीएलपीसारखे वीजबचतीचे साधन बसवलेले असेल, तर तो पर्याय तेच बदलत असते आणि दुरुस्ती तेथेच करावी लागते. वायरप्लंबरही वापरात नसलेले आउटपुट साधारण पाच सेकंदांनी निद्रिस्त करतो, हे दुसरे कारण. बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर मी स्वतः तो ‘टक्’ सहन करणे पसंत करेन.

वरचा थर: एकच प्रोग्रॅम मूक असेल तर

फायरफॉक्सने 2017 सालच्या 52 व्या आवृत्तीपासून आल्साशी थेट बोलणे सोडले आणि पल्स-ऑडिओचा मार्ग आवश्यक केला. त्यामुळे ‘स्पीकर-टेस्ट’ वाजतो आणि फायरफॉक्स मूक राहतो, अशी स्थिती असेल तर पाइपवायर-पल्स ही सेवा पडलेली आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. फ्लॅटपॅक प्रोग्रॅमांच्या, म्हणजे प्रणालीपासून अलग ठेवून चालवल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमांच्या, बाबतीत त्यांना आवाजाच्या सॉकेटची परवानगी आहे का ते पाहावे. एनव्हीडियाचा ड्रायव्हर बदलल्यानंतर फ्लॅटपॅकमधील खेळ किंवा व्हिडिओ उघडेनासे झाले, तर ‘फ्लॅटपॅक अपडेट’ चालवावे, कारण फ्लॅटपॅकच्या आतील ड्रायव्हरची आवृत्ती बाहेरच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते.

उबुंटू 24.04 मध्ये एक सापळा आहे आणि तो सॉफ्टवेअर व आवाज या दोहोंच्या सीमेवर आहे. 2038 सालच्या कालमापनाच्या अडचणीसाठी अनेक लायब्ररींची नावे बदलून त्यांच्या शेवटी ‘टी64’ जोडले गेले, आणि ‘लिबअसाउंड2’ चे नाव ‘लिबअसाउंड2टी64’ झाले. जुने नाव आता आभासी पॅकेज आहे आणि ते पुरवणारी दोन पॅकेजे एपीटी दाखवतो: एक खरे, आणि दुसरे ‘लिबओएसएस4-साल्सा-असाउंड2’, जे ओएसएस या वेगळ्याच ध्वनिप्रणालीसाठी आहे. बाहेरून आणलेल्या एखाद्या प्रोग्रॅमने जुने नाव मागितले म्हणून घाईत दुसरे पॅकेज बसवले गेले, तर आल्साची खरी लायब्ररी बाजूला पडते आणि सगळ्याच प्रोग्रॅमांना कार्डे दिसेनाशी होतात. कर्नलला कार्ड दिसते पण कोणत्याच प्रोग्रॅमला दिसत नाही, असे विचित्र लक्षण आढळल्यास हे पॅकेज बसलेले आहे का ते पाहून काढून टाकावे आणि ‘टी64’ चे बसवावे.

ॲपइमेज, म्हणजे एकाच फाइलीत येणारा प्रोग्रॅम, न उघडण्याची कारणे साधारण दोन: उबुंटू 22.04 पासून ‘लिबफ्यूज2’ आपोआप बसत नाही, आणि 24.04 मध्ये ॲपआर्मर ही सुरक्षा यंत्रणा साध्या वापरकर्त्याच्या नेमस्पेसवर (प्रोग्रॅम अलग ठेवण्याच्या सोयीवर) बंधन घालते, त्यामुळे क्रोमियमवर आधारित प्रोग्रॅम सँडबॉक्सची त्रुटी दाखवून बंद पडतात. टर्मिनलमधून उघडल्यास यांपैकी कोणते कारण आहे ते पहिल्या दोन ओळींतच दिसते. पायथनच्या आभासी वातावरणांवर वेळ घालवू नये. 22.04 मध्ये पायथन 3.10 आहे आणि 24.04 मध्ये 3.12, जुने वातावरण पुसून नवे करणे हाच मार्ग. डेबियन बारा व उबुंटू 23.04 पासून पिप, म्हणजे पायथनची पॅकेजे बसवणारा प्रोग्रॅम, प्रणालीच्या पायथनमध्ये पॅकेजे बसवण्यास नकार देतो, तो नकार सक्तीच्या पर्यायाने मोडू नये. उबुंटूचे अपग्रेड बाहेरची भांडारे बंद करते. ती एकेक करून, नव्या आवृत्तीसाठी उपलब्ध आहेत याची खात्री करूनच सुरू करावीत.

दोष खरोखरच नव्या कर्नलचा निघाला

वरील सर्व पाहूनही जुन्या कर्नलवर आवाज येतो आणि नव्यावर येत नाही, तर हा वापरकर्त्याच्या पातळीवर सुटणारा प्रश्न नाही. ‘ऑटोरिमूव्ह’ चालवण्याआधी जुन्या कर्नलची पॅकेजे ‘एपीटी-मार्क होल्ड’ ने राखून ठेवावीत, मॉड्यूल्स-एक्स्ट्रा असल्यास त्यासह, नाहीतर साफसफाईत नेमका चालणारा कर्नलच निघून जातो. मात्र तो कर्नल दीर्घकाळ वापरू नये, कारण त्यात पुढील सुरक्षा-दुरुस्त्या येत नाहीत. ‘आल्सा-इन्फो’ ही स्क्रिप्ट कार्ड, कोडेक, मॉड्यूले व मिक्सरची स्थिती एका फाइलीत गोळा करते. ती दोन्ही कर्नलांवर चालवून, दोन्हींच्या ‘डीमेसेज’ नोंदींसह, वितरणाच्या दोषनोंदणीत लॅपटॉपचे नेमके मॉडेल लिहून द्यावी. आवाज येणाऱ्या कर्नलचा शेवटचा आणि न येणाऱ्या कर्नलचा पहिला क्रमांक त्यात अवश्य लिहावा, कारण विकसकाला या दोन क्रमांकांमधले बदलच तपासायचे असतात. त्यानंतर प्रत्येक नवा कर्नल आला की एकदा त्यावर संगणक सुरू करून पाहावा, आणि आवाज परत आला की राखून ठेवलेली पॅकेजे ‘अनहोल्ड’ करावीत.